शंभर टक्के रिकव्हरीचं थोतांड

‘डिलीट झालेला डेटा शंभर टक्के परत मिळेल.’ तालुक्याच्या गावातल्या मोबाइल दुकानांच्या काचेवर डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जिंग पिन यांच्या खाली आता ही ओळही दिसू लागली आहे. यूट्यूबवर तर तिचा पूर आहे. दोन मिनिटांत, फुकटात, पाच वर्षांपूर्वीचे फोटोसुद्धा! मी बुलढाणा जिल्ह्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड यांतून उडालेल्या फाइली काढून देणं हा त्याच कामाचा भाग. म्हणून स्पष्टच सांगतो: ही ओळ खोटी आहे. ती अज्ञानातून आलेली असो की लबाडीतून, घाबरलेल्या माणसाच्या खिशात घातलेला तो हात आहे.

पण माझं भांडण फक्त त्या पाटीशी नाही. ती पाटी चालते, कारण आपण सगळ्यांनी मनातल्या मनात एक गोष्ट मान्य करून टाकली आहे. जपून ठेवणं हे कुणाचंच काम नाही आणि हरवलं तर शोधून देणारा कुणीतरी असतोच, ही ती गोष्ट. या समजुतीपायी घरंच्या घरं आणि गावंच्या गावं आपली आठवण गमावत चालली आहेत.

आधी खरं काय ते

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क घ्या. त्यावर फाइल ठेवली की दोन कामं होतात. फाइलचा मजकूर एका जागी लिहिला जातो, आणि तो कुठे लिहिला याची नोंद दुसऱ्या जागी, एका तक्त्यात होते. डिलीट केल्यावर बहुतेक वेळा फक्त नोंद खोडली जाते. कार्डांमध्ये वापरतात त्या फॅट नावाच्या जुन्या पद्धतीत तर फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण टाकतात आणि ती जागा मोकळी झाल्याचं लिहून ठेवतात. तलाठ्याच्या दप्तरात नाव कमी झालं म्हणून शेतातली तूर त्याच दिवशी उपटली जात नाही, तसंच हे. पीक उभं असतं. दुसरा कुणी येऊन नांगर घालेपर्यंत ते उभंच असतं.

रिकव्हरी म्हणजे हे उभं पीक कापून आणणं. फोटोरेक नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं, फुकट आणि सर्वांसाठी खुलं. ते खोडलेल्या नोंदीवर अवलंबून राहत नाही. कार्डावरचा एकेक तुकडा वाचत जातं आणि ओळखीच्या खुणा शोधतं. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते. ते दिसले की इथून फोटो सुरू झाला असं धरून ते पुढचं उचलतं. म्हणून परत आलेल्या फोटोंना सहसा मूळ नाव नसतं, फोल्डर नसतं. फाइल तुकड्यातुकड्यांनी साठवली गेली असेल तर फोटोत वर नवरीचा चेहरा आणि खाली नुसता राखाडी पट्टा निघतो.

यात यश मिळण्याची अट एकच आहे: मधल्या काळात त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलेलं नसावं. मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. ती अखंड निघू शकली, कारण तोवर तिच्यावर कुणाची कुदळ पडली नव्हती. कार्डाचंही तसंच आहे. फोटो उडाल्याचं लक्षात येताच कार्ड कॅमेऱ्यातून काढायचं. त्यावर एकही नवा फोटो घ्यायचा नाही. ज्या ड्राइव्हमधून फाइल गेली त्याच ड्राइव्हवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकायचं नाही. जाणता माणूस आधी संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत काढतो, सगळे प्रयोग त्या प्रतीवर करतो आणि निघालेल्या फाइली तिसऱ्याच जागी ठेवतो. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती लगेच बंद करायची. तिच्यावर सॉफ्टवेअर चालवणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला लावणं. तिला धूळमुक्त खोली असलेली प्रयोगशाळा लागते. दुकानाच्या टेबलावर झाकण उघडून ते काम होत नाही, आणि जो कुणी तुमच्यासमोर डिस्कचं झाकण उघडतो त्याच्या हातून ती ताबडतोब परत घ्या.

एकदा जुन्या जागेवर नवं लिहिलं गेलं की विषय संपला. त्याखालचं जुनं वाचणारं सॉफ्टवेअर जगात कुठल्याही दुकानात मिळत नाही.

फोनचं गणित वेगळं आहे

वर सांगितलेलं सगळं बाहेरच्या कार्डाला आणि जुन्या डिस्कला लागू आहे. तुमच्या हातात आता जो फोन आहे, त्याच्या आतल्या मेमरीचं गणित पार निराळं.

फोनमध्ये आणि नव्या लॅपटॉपच्या एसएसडीमध्ये फ्लॅश मेमरी असते. तिच्यात नवं लिहिण्याआधी जुनं पुसावं लागतं, आणि पुसायला वेळ लागतो. म्हणून एखादी फाइल उडवली की यंत्रणा चिपला तसं कळवून ठेवते: ही जागा आता लागत नाही. मग चिप सवडीनं ती जागा खरोखर साफ करून ठेवते. याला ट्रिम म्हणतात. कॉम्प्युटरवर विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, आणि अँड्रॉइडवर ४.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, ही सोय आहे. थोडक्यात, इथे पीक उभं राहत नाही. नाव खोडल्यावर शेतही नांगरून ठेवतात.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्यानं बाजारात येणाऱ्या फोनवर सगळा डेटा कुलूपबंद ठेवणं सक्तीचं झालं. आयफोनमध्ये तर प्रत्येक फाइलला तिची स्वतंत्र किल्ली असते. फाइल गेली की किल्लीही जाते. मग चिपवर काही कण शिल्लक राहिले तरी तो फक्त आकड्यांचा भुसा असतो. फोन चोरीला गेला तर तुमचे फोटो चोराला दिसू नयेत म्हणून हे केलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण जे कुलूप चोराला रोखतं ते मलाही रोखतं, त्या पाटीवाल्यालाही रोखतं.

मग ‘डिलीट फोटो रिकव्हरी’ नावाची ती ॲप नेमकं काय काढून देतात? बऱ्याचदा फोनमध्ये आधीपासून असलेलेच फोटो पुन्हा दाखवतात. किंवा गॅलरी झटपट उघडावी म्हणून फोननं बनवून ठेवलेल्या नखाएवढ्या प्रतिमा. त्या मोठ्या केल्या की चेहऱ्याच्या जागी चौकोन दिसतात. ‘पूर्ण आकारात हवा असेल तर प्रीमियम घ्या.’ आणि हे करण्याआधी ॲप तुमच्याकडून सगळ्या फोटोंची आणि फाइलींची परवानगी मागून घेतं. गेलेले फोटो मिळाले नाहीत ते नाहीतच, वर उरलेले परक्याच्या हातात.

काही दुकानदार याहून सोपं काम करतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो उडवला तर तो ६० दिवस कचरापेटीत राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. आयफोनवरही ३० दिवसांची तशीच पेटी आहे. माणूस घाबरलेला असतो, त्याला ती पेटी आठवत नाही. दुकानदार फोन आत नेतो, चहा पितो, पेटी उघडून फोटो परत टाकतो आणि वर रिकव्हरीचं बिल लावतो. हे तुम्हाला फुकटात, स्वतःच्या अंगठ्यानं करता येतं.

‘बॅकअप का नाही घेतला?’

आता दुसऱ्या टोकाचे लोक. शहरातली, तंत्रज्ञान कळणारी, शहाणी मंडळी. कुणाचे फोटो गेले की यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: बॅकअप घ्यायला काय झालं होतं? मला पाटीवाल्याइतकाच यांचा राग येतो. कारण पाटीवाला निदान पैसे मागून मोकळा होतो. हे लोक दोष गरिबाच्या पदरात टाकून मोकळे होतात.

बॅकअप घ्यायचा कुठे? गूगल १५ जीबी फुकट देतं, पण त्या १५ जीबीत मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं. फोटोंना अमर्याद फुकट जागा होती, ती १ जून २०२१ पासून बंद झाली. २०२४ मध्ये अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत धरायला सुरुवात झाली. म्हणजे आधी सवय लावली, मग जागा आवळली. दरम्यान अनेक फोनमधून मेमरी कार्डाची फटच नाहीशी झाली. घरात लॅपटॉप नाही, फोन हेच एकमेव यंत्र, त्यात शिक्षण, पैसे, फोटो, कागदपत्रं सगळं. जागा संपली की फोनच सुचवतो: अमुक इतके व्हिडिओ उडवा. मुलगा उडवतो. आणि मग शहाणे विचारतात, बॅकअप का नाही घेतला.

बॅकअप घेतला म्हणजे सुटलो, हाही गैरसमजच. गूगल फोटोजवर चढलेला फोटो फोनमधल्या त्याच ॲपमधून उडवला तर तो वरूनही उडतो. ती जोडणी आहे, जपणूक नव्हे. व्हॉट्सॲपवरून पाठवलेले फोटो पोचल्यावर कंपनीच्या सर्व्हरवर ठेवले जात नाहीत, त्यामुळे ‘व्हॉट्सॲपकडे असेलच’ हेही खोटं. आणि २०२३ च्या डिसेंबरपासून गूगलनं दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली. आई गेली, तिचा फोन कपाटात ठेवला, तिचं खातं कुणी उघडलं नाही, तर दोन वर्षांनी तिनं काढलेले फोटोही त्या खात्यासोबत जाऊ शकतात. कंपनीला त्यात काही चूक वाटत नाही, कारण कंपनीनं जपण्याचं वचन कधी दिलंच नव्हतं. तसा समज आपण करून घेतला.

आणि मोठ्यांचे बॅकअप तरी कुठे चालतात? १९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेनं उडू लागल्या. बॅकअप काढून बघितले तर तेही धड नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुस्मन या बाईंमुळे. त्या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. करोडोंची कंपनी एका बाळंतिणीच्या घरातल्या प्रतीवर तरली. तिथे कुठलीही जादूची रिकव्हरी नव्हती.

हवं ते जातं, नको ते राहतं

या सगळ्यात एक क्रूर गंमत आहे. तुम्हाला जे परत हवं ते फोनच्या आतून निघत नाही. पण जे कायमचं जावं असं वाटतं ते कार्डावर आणि पेनड्राइव्हवर मुक्कामाला असतं. कारण तिथे फक्त नाव खोडलेलं असतं.

जुनं मेमरी कार्ड मित्राला दिलं, पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात विसरला, जुना कॉम्प्युटर फॉरमॅट मारून विकला. विंडोजचा झटपट फॉरमॅट फक्त नोंदीचा तक्ता नवा करतो, पीक तसंच ठेवतो. आधार कार्डाच्या प्रती, बँकेची पासबुकं, घरातल्या बायकांचे फोटो, कुणाला तरी पाठवून लगेच उडवलेले फोटो, सगळं निघतं. रिकव्हरीच्या कामात हेच सगळं आमच्या पडद्यावर येतं. ग्राहकानं मागितलेले चाळीस फोटो शोधताना न मागितलेले चार हजार समोर उभे राहतात. त्या वेळी तुमची अब्रू त्या दुकानात बसलेल्या माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून असते. मुली कार्ड हातात देण्याआधी दोनदा विचार करतात, आणि त्यांचं अगदी बरोबर आहे.

म्हणून ‘रिकव्हरी’ हा शब्द फक्त आनंदाचा नाही. जी यंत्रणा तुमच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो काढून देऊ शकते, तीच तुमच्या बहिणीला अडचणीत आणू शकते. कार्ड किंवा हार्ड डिस्क दुसऱ्याला देण्याआधी तिच्यावर काठोकाठ नवं लिहा, नुसता फॉरमॅट मारू नका. फोन विकताना मात्र फॅक्टरी रीसेट पुरतो, कारण कुलूपबंद फोनमध्ये त्यानं किल्लीच नष्ट होते. हे साधं ज्ञान दहावीच्या मुलाला असायला हवं. आपण त्याला पॉवरपॉइंटमधले रंगीत बाण शिकवतो.

आमच्याच जिल्ह्यातला एक माणूस

हरवलेलं परत मिळवण्याची मराठीतली सगळ्यात मोठी गोष्ट कुठल्या लॅबमधली नाही. ती लीळाचरित्राची आहे, आणि तिचा एक धागा बुलढाणा जिल्ह्यातून जातो.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं अशा माणसांना गाठून, ऐकून, नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. आमचं लोणार त्यात आहे, मेहकर त्यात आहे. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असं महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ मात्र मेला नाही, कारण तो माणसांना पाठ होता. हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. वेगवेगळ्या माणसांच्या आठवणींतून उतरल्यामुळे त्याचे वेगवेगळे पाठ झाले, काही लीळा इथे आहेत तर तिथे नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल परत आली, पण थोडी इकडची तिकडे झाली.

मग विसाव्या शतकात एक माणूस हे पाठ जुळवायला बसला. डॉ. विष्णू भिकाजी कोलते. जन्म १९०८, गाव मलकापूर तालुक्यातलं नरवेल. त्यांनी पोथ्या मिळवल्या, पाठ ताडून पाहिले, आणि त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केलं. त्यावरून वादही पेटला, पण माझा मुद्दा वेगळा आहे. कोलत्यांना ताडायला काहीतरी होतं, कारण सहाशे-सातशे वर्षं कुणी ना कुणी, कुठल्या ना कुठल्या मठात, हातानं नक्कल करत बसलं होतं. पगार नाही, कौतुक नाही, नुसती नक्कल.

त्या पंथानं आपल्या पोथ्या कुलूपबंदही केल्या होत्या. सकळ लिपी नावाची सांकेतिक लिपी त्यांनी वापरली. परक्याला वाचता येऊ नये हाच हेतू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ती उलगडली आणि जुन्या मराठीचं एक मोठं दालन जगासमोर आलं. किल्ली पंथाच्या जाणत्यांकडे जिवंत होती आणि पोथ्यांच्या प्रती अनेक होत्या, म्हणून कुलूप असूनही ग्रंथ टिकले. आपण आज कुलूप त्याहून भक्कम केलं आणि प्रत एकच ठेवली. तीही खिशात, शौचालयात पडू शकेल अशा खिशात.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तरली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चमत्कार मानणाऱ्यांनी मानावा. पण न मानणाराही हे नाकारणार नाही की अभंग तोवर लोकांच्या तोंडी गेले होते. नदीला सगळ्या प्रती बुडवणं शक्य नव्हतं.

काय जातंय ते बघा

कुणी म्हणेल, लीळाचरित्र कुठे आणि आमचे सेल्फी कुठे. मला हा माज वाटतो. म्हाइंभटांनी ज्यांच्याकडून ऐकलं त्यांनाही आपण इतिहास सांगतोय असं वाटलं नसेल.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस होते, बाहेरचं कुणी येऊ शकत नव्हतं. ते फोटो सगळ्यात आधी कुणाकडे असणार? काठावर राहणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये. आज तुमच्याकडे त्यातला एखादा असेल तर तो बहुधा व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला असेल: दाबून लहान केलेला, कधी आणि कुठे काढला ही आतली माहिती पुसली गेलेली. चित्र उरलं, पुरावा गेला.

जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पूर आला. वाहून गेलेल्या मातीचे, आडव्या पिकाचे, घरात शिरलेल्या चिखलाचे फोटो लोकांनी काढले. शेतकऱ्याला आता कागदासारखाच फोटोही लागतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत तो स्वतःच बांधावरून पिकाचा फोटो चढवतो. अधिकारी आला की फोन पुढे करतो. पण सरकारकडे चढवलेली प्रत सरकारची. त्याच्याकडची प्रत त्या एका फोनमध्ये, ज्याची जागा पुढच्याच महिन्यात भरणार आहे. वाद उद्भवतो तो फोन बदलल्यावर.

आणि आजीचा आवाज. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आज इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात, काही ऐकताही येतात. गाणाऱ्या कितीतरी बायका आता नाहीत. त्यांचा आवाज आहे, कारण दुसऱ्या कुणाला तरी तो जपावासा वाटला. तुमच्या आजीच्या आवाजातली व्हॉट्सॲपची सहा सेकंदांची क्लिप, ‘जेवला का रे बाप्पा’ एवढीच, ती कोण जपणार आहे?

मागण्या

लढाई कुणाशी आहे हे कळल्यावर मागणं सोपं होतं.

दुरुस्तीच्या दुकानांकडे माझं मागणं: पाटी बदला. ‘फोनच्या आतल्या मेमरीतलं उडालेलं निघत नाही. कार्ड आणि डिस्क बघून सांगू. निघालं तर पैसे, नाही तर नाही.’ एवढं लिहा. शिवाय निघालेल्या फाइलींची दुकानातली प्रत कधी पुसणार ते पावतीवर लिहून द्या. गिऱ्हाईक कमी होईल ही भीती खोटी आहे. एकदा फसलेला माणूस पुन्हा फिरकत नाही, त्यापेक्षा हे बरं.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना: दोन्ही घरांना वेगवेगळी प्रत द्या आणि तुमच्याकडची किती महिने ठेवणार ते आधीच सांगा. कार्ड लगेच दुसऱ्या लग्नाला वापरायचं हा तुमचा नाइलाज मला कळतो. पण तोवर एकाही घरात प्रत पोचलेली नसेल तर तो नाइलाज राहत नाही, हलगर्जीपणा ठरतो.

गावाकडे आणि सरकारकडे: महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळतं. त्या ग्रंथालयात एक कपाट, दोन हार्ड डिस्क आणि एक वही असावी. गावातल्या माणसांनी जे स्वखुशीनं द्यावं, म्हणजे जत्रेचे, पुराचे, शाळेचे फोटो, म्हाताऱ्यांचे आवाज, बंद पडलेल्या दुकानांचे फोटो, ते तिथे ठेवावं. कुणी दिलं, कुठे काढलं, केव्हा, हे वहीत. दुसरी डिस्क शेजारच्या गावच्या ग्रंथालयात. वर्षातून दोनदा दोन्ही उघडून बघायच्या, कारण पडून राहिलेली डिस्कही मरते. याला ॲप लागत नाही, उद्घाटन लागत नाही. रोज संध्याकाळी ग्रंथालय उघडणारा माणूस लागतो, आणि तो बऱ्याच गावांत आहे.

खासगीपणाचं काय, हा प्रश्न योग्य आहे. सगळं गावाला द्या असं मी म्हणत नाही. उलट, कुठलं द्यायचं, कुठलं घरात ठेवायचं आणि कुठलं खरोखर पुसून टाकायचं, हे ठरवणं म्हणजेच जपणं. आज आपण यातलं काहीच ठरवत नाही. आपल्याऐवजी भरलेली मेमरी ठरवते.

आणि तुम्हाला, जे हा लेख फोनवरच वाचता आहात: सगळ्या वीस हजार फोटोंचा बॅकअप घ्यायचा विचार करू नका, तो होणार नाही. पन्नास निवडा. घरच्यांचे आवाज, कागदपत्रं, जे पुन्हा काढता येणार नाहीत ते फोटो. एका पेनड्राइव्हवर घाला, तो दुसऱ्या गावी राहणाऱ्या मावशीच्या किंवा मित्राच्या घरी ठेवा आणि त्यांचे पन्नास तुमच्याकडे घ्या. पाठवायचेच असतील तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ते लहान होत नाहीत. दिवाळीला भेटाल तेव्हा दोन्ही पेनड्राइव्ह उघडून बघा आणि नवे फोटो टाका. पेनड्राइव्ह बिघडलेला निघाला तर त्याच दिवशी नवा भरा, दुसरी प्रत अजून जिवंत असेल तोवरच.

दुकानात येणारा प्रत्येक जण मला विचारतो, निघतील का. आता मी उत्तर देण्याआधी उलट विचारतो, आणखी कुणाकडे आहेत का. मामाकडे, वर्गातल्या मुलीकडे, जुन्या फोनमध्ये, फोटोग्राफरकडे. माझ्या अनुभवात सॉफ्टवेअरपेक्षा या प्रश्नातून जास्त फोटो परत आले आहेत, आणि त्याचे मी पैसे घेत नाही.